मोठ्या भूकंपानंतर समुद्रतळाखालचे मंद कंप कसे शोधायचे

भूकंपलेखावरचा नेहमीचा भूकंप ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. सपाट चाललेली रेघ एकदम उसळते, काही सेकंदांनी दुसरा मोठा झटका येतो आणि मग थरथर हळूहळू ओसरते. मंद कंपाचं तसं नसतं. रेघ थोडी जाड होते, चार-पाच मिनिटं जाडच राहते, बारीक होते, पुन्हा फुगते. सुरुवात कुठे झाली हे बोट ठेवून सांगता येत नाही. एकाच भूकंपमापन केंद्राची नोंद समोर असेल तर वारा म्हणा, लाटा म्हणा, जहाज म्हणा, काहीही खपून जाईल. पण ४० किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर रेघ काही सेकंदांच्या फरकाने तशीच फुगलेली दिसली आणि तिसऱ्या-चौथ्यावरही तोच आकार सापडला, तर तळाखाली काहीतरी हळूहळू सरकतंय असं मानायला जागा होते.

पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. मंद कंप केंद्रांच्या आपसातल्या जुळणीत सापडतो. मोठ्या भूकंपानंतर अशी खोटी जुळणी घडवणाऱ्या गोष्टी इतक्या वाढतात की शोधण्यापेक्षा गाळण्यातच जास्त वेळ जातो. म्हणून गाळणीबद्दल इथे बरंच लिहिलं आहे; काही पायऱ्या चार ओळींत उरकल्या आहेत.

मंद कंप म्हणजे काय, आणि मोठ्या भूकंपानंतरच का

एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथला सांधा सगळीकडे सारखा वागत नाही. काही भाग वर्षानुवर्षं अडकून राहतो आणि एका मिनिटात मीटरच्या मीटर सुटतो. काही भाग दिवस-आठवडे घेत, आवाज न करता सरकतो. या सावकाश सरकण्याच्या कडेने बारीक कुरकुर होत राहते, तिचा सूर साधारण १ ते १० हर्ट्झमधला. हाच मंद कंप. १९९५च्या कोबे भूकंपानंतर जपानने देशभर बोअरवेलमध्ये बसवलेल्या भूकंपमापकांचं हाय-नेट जाळं उभं केलं आणि त्याच्याच नोंदींमधून काझुशिगे ओबारा यांनी २००२मध्ये नैऋत्य जपानखालचे हे कंप जगासमोर मांडले. २००७मध्ये डेव्हिड शेली, ग्रेगरी बेरोझा आणि सातोशी इदे यांनी दाखवलं की ही सलग वाटणारी कुरकुर म्हणजे एकामागोमाग होणाऱ्या असंख्य छोट्या, कमी वारंवारतेच्या भूकंपांची माळ आहे.

ते सगळे कंप जमिनीखाली, ३०-४० किलोमीटर खोलीवरचे होते. समुद्राखालच्या उथळ सांध्यावरचे कंप किनाऱ्यावरच्या केंद्रांपर्यंत पोचेपर्यंत विरून जातात. त्यासाठी यंत्रं समुद्रतळावरच हवीत.

मोठ्या भूकंपाने आजूबाजूच्या सांध्यावरचा ताण एका झटक्यात बदलतो. १ एप्रिल २०१६ रोजी जपानच्या मिए प्रांतासमोर नानकाई खंदकाजवळ (खंदक म्हणजे भूपट्ट खाली शिरतो तिथली समुद्रतळावरची खोल घळ) सुमारे ६ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर खंदकाजवळचा उथळ भाग सावकाश सरकल्याचं समुद्रतळातल्या बोअरहोलमधल्या दाबमापकांनी टिपलं, आणि त्याच भागातले कंप डोनेट या केबलवरच्या जाळ्याने. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला न्यूझीलंडमध्ये ७.८ तीव्रतेचा कैकोरा भूकंप झाला, तेव्हा शेकडो किलोमीटर दूरचा हिकुरांगी सांधा मंद गतीने सरकू लागला. म्हणजे मोठा भूकंप संपला तरी सांध्याचं काम संपलेलं नसतं. कुठला भाग सुटला, कुठला अजून अडकलेला आहे आणि कुठला सावकाश सरकतोय, हे मंद कंपांच्या नकाशावरून कळतं. पुढच्या धोक्याचा विचार करणाऱ्याला याहून मोलाची माहिती क्वचित मिळते.

सरावासाठी सर्वांत भरलेलं शेत म्हणजे जपान खंदक. ११ मार्च २०११च्या ९ तीव्रतेच्या तोहोकू भूकंपाच्या वेळी तिथे कायमची यंत्रं मोजकीच होती. त्या आपत्तीनंतर एनआयईडी या जपानी संस्थेने होक्काइदोपासून बोसो द्वीपकल्पापर्यंतच्या समुद्रतळावर १५० केंद्रांचं एस-नेट टाकलं, सुमारे साडेपाच हजार किलोमीटर केबलवर. २०१६पासूनच्या त्याच्या नोंदींमध्ये खंदकालगतचे मंद कंप पहिल्यांदा नीट दिसले.

पहिली पायरी: नोंदी गोळा करणं

एस-नेटच्या नोंदी एनआयईडीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून मिळतात. उतरवून घेण्यासाठी हायनेटपाय हे पायथनमधलं साधन सोयीचं आहे. ते विन३२ या जपानी स्वरूपातल्या नोंदींचं सॅक या भूकंपशास्त्रात रूढ असलेल्या स्वरूपात रूपांतरही करून देतं. पुढची सगळी प्रक्रिया ओब्सपाय या पायथनच्याच भूकंपशास्त्रीय साधनसंचात होते. हिकुरांगीजवळ २०१४-१५मध्ये ठेवलेल्या यंत्रांच्या नोंदी अर्थस्कोप या अमेरिकी संस्थेच्या संग्रहात आहेत, त्यावरही हात बसवता येईल.

सुरुवातीला एक महिना आणि एकमेकांपासून १०० किलोमीटरच्या आतली आठ-दहा केंद्रं घ्या. सगळं जाळं एकदम घेऊ नका. १५० केंद्रांच्या ११,१७५ जोड्या होतात आणि त्यांतल्या बहुतेक जोड्या इतक्या दूरच्या असतात की दोघांना एकच मंद कंप ऐकू येणं शक्यच नसतं.

दुसरी पायरी: घड्याळ, दिशा आणि यंत्राचा स्वभाव

केबलवरच्या केंद्रांना वेळ किनाऱ्यावरून मिळते, तिथे घड्याळाची काळजी नाही. जहाजावरून सोडलेली सुटी यंत्रं मात्र स्वतःच्या घड्याळावर चालतात. पाण्यात सोडताना आणि वर काढल्यावर त्यांची जीपीएसशी तुलना करतात आणि मधला फरक सरळ रेषेत वाटून टाकतात. दिवसाला २ मिलिसेकंद घड्याळ चुकलं तरी वर्षात पाऊण सेकंद होतो. ३० जून २०१५ आणि ३१ डिसेंबर २०१६ या दिवशी जगाच्या घड्याळात एकेक लीप सेकंद घातला गेला होता. त्या तारखा नोंदीत येत असतील तर तो सेकंद कुणी धरलाय का, हे स्वतः तपासा. खातरजमेसाठी दोन केंद्रांमधल्या पार्श्वभूमीच्या गोंगाटाचा रोजचा सहसंबंध, म्हणजे एक नोंद दुसरीवर मागेपुढे सरकवत दोन्ही किती जुळतात याचं माप, काढा. घड्याळ बरोबर असेल तर त्याचं शिखर दिवसामागून दिवस त्याच जागी राहतं.

समुद्रतळावर पडलेल्या यंत्राचा आडवा अक्ष कुठल्या दिशेला आहे हे पडताना कुणी पाहिलेलं नसतं. दूरच्या मोठ्या भूकंपांच्या रॅले लहरी (पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरी) ज्या दिशेने आल्या ती दिशा माहीत असते, तिच्याशी ताडून यंत्राची दिशा काढतात. मोठ्या भूकंपानंतरच्या नोंदींसाठी आणखी एक सावधगिरी: जोरदार हादऱ्याने समुद्रतळावरचा डबा स्वतःभोवती थोडा वळू शकतो. एस-नेटच्या नळकांडी खोक्यांमध्ये हे घडलेलं आहे. म्हणून दिशा एकदा काढून भागत नाही. प्रत्येक मोठ्या धक्क्याच्या आधी आणि नंतर वेगवेगळी काढावी लागते.

यंत्राच्या प्रतिसादाकडेही लक्ष हवं. एस-नेटमधल्या वेगमापकाची नैसर्गिक वारंवारता १५ हर्ट्झ आहे आणि आपण ऐकणार त्याच्या खालच्या पट्ट्यात, जिथे त्याचा प्रतिसाद झपाट्याने घटतो. फक्त कंप शोधायचे असतील तर हे चालून जातं, कारण सगळी केंद्रं सारखीच बधिर आहेत. पुढे ऊर्जा मोजायची असेल तर प्रतिसादाची दुरुस्ती आधी करा.

तिसरी पायरी: फिल्टर आणि एन्व्हलप

आडव्या दोन्ही घटकांच्या, म्हणजे यंत्राच्या दोन्ही आडव्या दिशांच्या, नोंदी घ्या, कारण मंद कंपात एस-लहरींचाच (खडकाला आडवं हलवत मागून येणाऱ्या लहरींचाच) जोर असतो. २ ते ८ हर्ट्झचा फिल्टर लावा. त्याखाली, ०.१ ते ०.३ हर्ट्झच्या आसपास, समुद्राच्या लाटांमुळे होणारी धरणीची कायमची गुणगुण असते. तिला आत येऊ दिलं तर बाकी काही दिसणार नाही. वरच्या टोकाला देवमासे आणि छोटे आफ्टरशॉक असतात.

मग प्रत्येक नमुन्याचा वर्ग करा, दोन्ही घटकांची बेरीज करा, वर्गमूळ काढा आणि ०.२ हर्ट्झच्या लो-पास फिल्टरने गुळगुळीत करा. सेकंदाला १०० नमुन्यांची नोंद आता सेकंदाला एका नमुन्यावर आणली तरी चालते. हातात येतो तो एन्व्हलप, म्हणजे थरथरीची बाह्यरेषा. आतल्या लहरींचा नेमका आकार दोन केंद्रांवर कधीच जुळत नाही, कारण प्रत्येक केंद्राखालचा गाळ त्यांना वेगळं पिळून काढतो. बाह्यरेषा मात्र जुळते.

चौथी पायरी: जुळणी आणि जागा

नोंदीचे ३०० सेकंदांचे तुकडे पाडा, दर १५० सेकंदांनी पुढे सरकत. दिवसाच्या ५७६ खिडक्या होतात. प्रत्येक खिडकीत प्रत्येक जोडीचे एन्व्हलप एकमेकांवर मागेपुढे सरकवून पाहा: किती सेकंद सरकवल्यावर ते सर्वांत चांगले बसतात आणि किती चांगले.

इथे जरा थांबून एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. क, ख आणि ग ही तीन केंद्रं घ्या. क आणि ख यांच्यात ४० किलोमीटर अंतर आहे. खडकातून एस-लहर सेकंदाला सुमारे ३.५ किलोमीटर जाते, म्हणजे उगम कुठेही असला तरी या दोन केंद्रांवरच्या वेळेतला फरक साडेअकरा सेकंदांपेक्षा जास्त असूच शकत नाही. समजा एका खिडकीत ख हा क पेक्षा ६ सेकंद मागे आहे आणि ग हा क पेक्षा ९ सेकंद मागे. मग ग हा ख पेक्षा ३ सेकंद मागे निघाला पाहिजे. तिसरी जोडी स्वतंत्रपणे मोजून पाहिली आणि ३ किंवा ४ आले, तर तिन्ही केंद्रं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. उणे ५ आले तर किमान एक जोडी चुकून जुळलेली आहे आणि ती खिडकी बाजूला ठेवावी. ही तिघांची बेरीज मी प्रत्येक नव्या जाळ्यावर आधी हाताने, कागदावर करून पाहते. संगणकाने दिलेल्या हजार ठिपक्यांवर विश्वास ठेवायला त्यानंतरच मन धजावतं.

सगळ्या जोड्या जमल्या की समुद्राखालच्या भागावर ५-५ किलोमीटरची कल्पित जाळी टाका. जाळीच्या प्रत्येक बिंदूपासून प्रत्येक केंद्रापर्यंत एस-लहरीला लागणारा वेळ मोजा, त्याप्रमाणे एन्व्हलप सरकवा आणि सहसंबंधाची सरासरी काढा. सरासरी जिथे सर्वांत जास्त, तिथे कंपाचा उगम.

गाळाचा विसर पडू देऊ नका. समुद्रतळाखालच्या मऊ गाळात एस-लहर रांगत जाते. ५०० मीटर जाडीचा थर आणि त्यात सेकंदाला ४०० मीटरचा वेग असेल, तर एकट्या त्या थरात सव्वा सेकंद जातो. प्रत्येक केंद्राखाली हा उशीर वेगळा. जागा चांगली माहीत असलेल्या भूकंपांच्या एस-लहरी प्रत्येक केंद्रावर किती उशिरा आल्या याची सरासरी काढा आणि ती त्या केंद्राची कायमची दुरुस्ती म्हणून वापरा. ही दुरुस्ती नसेल तर कंप खंदकाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सहज ढकलले जातात.

खोलीच्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. एन्व्हलपची अचूकता एखाद्या सेकंदाची, आणि तेवढ्यात खोली १० किलोमीटर मागेपुढे होते. मी उगम दोन भूपट्टांच्या सांध्यावर धरून फक्त नकाशावरची जागा काढते आणि तसं धरलंय हे स्पष्ट लिहिते.

किती जुळणी झाली की कंप मानायचा, म्हणजे उंबरठा किती ठेवायचा? पुस्तकातला आकडा उचलू नका, स्वतःच्या नोंदींना विचारा. प्रत्येक केंद्राची नोंद वेगवेगळ्या मुद्दाम निवडलेल्या फरकाने, अर्धा तास, दीड तास, अडीच तास अशी, पुढे सरकवा आणि तीच प्रक्रिया पुन्हा चालवा. आता खरी जुळणी कुठेच उरलेली नाही. तरीही जेवढे कंप सापडतील तेवढे निव्वळ योगायोग. ते नगण्य होतील इतका उंबरठा वर घ्या.

पाचवी पायरी: गाळणी

पहिला अडथळा आफ्टरशॉकचा. त्यांची संख्या ओमोरीच्या नियमाने घटते. फुसाकिची ओमोरी यांनी तो १८९४मध्ये मांडला. साध्या रूपात, शंभराव्या दिवशीचा दर पहिल्या दिवसाच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतका. पहिल्या काही दिवसांत धक्के इतके दाट असतात की एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यात मिसळतं आणि सगळ्याचा मिळून एक लांब, फुगीर, सुरुवात नसलेला एन्व्हलप बनतो. हुबेहूब मंद कंपासारखा. या दिवसांत सापडलेल्या कंपांच्या संख्येवरून काहीही निष्कर्ष काढू नका. त्या काळात फक्त खूप लांब चाललेले आणि अनेक केंद्रांवर स्पष्ट दिसणारे कंप धरा. दर आठवड्याला किती वाढले किंवा घटले याची तुलना गोंगाट स्थिरावल्यानंतरच करा.

त्यानंतरही प्रत्येक खिडकीला तीन प्रश्न विचारायचे.

एन्व्हलपचं शिखर त्याच्या निम्म्या उंचीवर किती रुंद आहे? दहा सेकंदांच्या आतबाहेर असेल तर तो बहुधा साधा छोटा भूकंप. मंद कंपाचं शिखर मिनिटाच्या हिशेबात पसरलेलं असतं.

१० ते २० हर्ट्झमध्येही तेवढीच ऊर्जा आहे का? जवळच्या छोट्या भूकंपात भरपूर असते. मंद कंपाची ऊर्जा वारंवारता वाढेल तशी उतरत जाते. हे गुणोत्तर प्रत्येक खिडकीसाठी काढा आणि आलेखावर मांडा. बहुतेकदा दोन ढीग वेगळे पडलेले दिसतात. एक खोच आहे: २००-३०० किलोमीटरवरचा भूकंपही वाटेत वरच्या वारंवारता गमावून येतो आणि मंद कंपासारखा दिसू लागतो. म्हणून भूकंपांच्या यादीतून आसपासच्या आणि दूरच्याही धक्क्यांच्या पोचण्याच्या वेळा काढून त्या खिडक्या वगळाव्या लागतात.

पी-लहर, म्हणजे भूकंपाची सर्वांत आधी पोचणारी लहर, दिसते का? उभ्या घटकावर, मुख्य फुगवट्याच्या काही सेकंद आधी, स्वतंत्र उसळी असेल तर तो भूकंप.

दुसरा अडथळा टी-लहरींचा, आणि सर्वांत जास्त फसवणूक यांच्याकडूनच होते. समुद्राखालच्या भूकंपाची काही ऊर्जा पाण्यात शिरते आणि खोल पाण्यातल्या ध्वनिमार्गाने सेकंदाला सुमारे १.५ किलोमीटर वेगाने हजारो किलोमीटर जाते. तिची सुरुवात हळू, मध्य फुगीर, शेवट हळू, चरख्याच्या चातीसारखा. पी नाही, एस नाही, लांबी मिनिटाची. एन्व्हलपवर पाहिलं तर मंद कंपाशी तिचा फरक करणं अशक्य. ती पकडली जाते वेगावर. मघाच्या क-ख जोडीत पाण्यातून येणारी लहर दोघांच्या रेषेतून आली तर फरक जवळजवळ २७ सेकंदांचा पडतो, खडकातली एस-लहर साडेअकराच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून सहसंबंध काढताना सरकवण्याची मर्यादा मोठी ठेवा, ४० सेकंदांपर्यंत, आणि सर्वांत चांगली जुळणी खडकाच्या मर्यादेबाहेर पडली तर खिडकी फेकून द्या. बरेच जण वेळ वाचवायला मर्यादाच १५ सेकंदांची ठेवतात. मग टी-लहर १५ सेकंदांच्या आत जिथे त्यातल्या त्यात बसेल तिथे बसवली जाते आणि यादीत मंद कंप म्हणून नोंदली जाते. आडव्या बाजूने आलेल्या टी-लहरीचा फरक एखाद्या जोडीत छोटाही असतो, म्हणून निर्णय सगळ्या जोड्यांवरून घ्यायचा.

तिसरा अडथळा जहाजांचा. एका महिन्याच्या नोंदींत मला एकदा अनेक तास चाललेली सुंदर माळ सापडली होती. उगम एका केंद्राखालून निघून सरळ रेषेत पुढच्या केंद्रांकडे जात होता. मंद कंप स्थलांतर करतात हे माहीत होतं, त्यामुळे मला फार आनंद झाला. मग वेग मोजला: तासाला २८ किलोमीटर, पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत एकसारखा. मालवाहू जहाज १५ नॉट वेगाने तासाला २८ किलोमीटरच जातं. स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वेळी कुठल्या वारंवारतेत किती ऊर्जा आहे याचं चित्र) काढला तर त्यात पंख्याच्या फेऱ्यांच्या आडव्या, समान अंतरावरच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. मंद कंपात अशा रेघा कधीच नसतात. त्याचा स्पेक्ट्रोग्राम खालून वर विरत जाणाऱ्या धुक्यासारखा असतो. तेव्हापासून प्रत्येक माळेतल्या निदान पाच खिडक्यांचा स्पेक्ट्रोग्राम मी डोळ्यांनी पाहते.

बाकीच्यांची ओळख लवकर पटते. फिन देवमाशाची हाक २० हर्ट्झच्या आसपास, सेकंदभराची, ठरावीक अंतराने तासन्‌तास चालते. तेल-वायू शोधणाऱ्या जहाजांच्या एअरगनचे ठोके घड्याळासारखे नियमित पडतात. तळाजवळच्या प्रवाहाने यंत्राची दोरी किंवा सांगाडा झणझणला तर एकाच केंद्रावर, भरती-ओहोटीच्या तालावर, ठळक सूर उमटतो. जुळणीच्या पायरीवरच तो गळून पडतो. वादळाच्या दिवसांत सगळ्या केंद्रांचा गोंगाट एकदम चढतो. ते दिवस वेगळे नोंदवून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

सहावी पायरी: एकट्या ठिपक्यांना वगळून गट पाहणं

खरा मंद कंप एकटा येत नाही. एक खिडकी उंबरठ्यावर गेली आणि त्यानंतर दिवसभर आसपास काही नाही, तर तो ठिपका सोडून द्या. २४ तासांत, ३० किलोमीटरच्या परिसरात निदान तीन-चार सोबती असलेलेच ठिपके ठेवा. हे आकडे काही शिलालेख नाहीत. तुमच्या केंद्रांमधल्या अंतराप्रमाणे ते बदला, पण बदललेले लिहून ठेवा.

मग खंदकाच्या लांबीच्या दिशेने अंतर एका अक्षावर आणि वेळ दुसऱ्यावर घेऊन ठिपके मांडा. गट दिवसाला सुमारे १० किलोमीटर किंवा त्याच्या काही पटीने सरकत असेल, मधूनच उलट दिशेला झटपट मागे येत असेल, तर मागे सांध्यावरची मंद घसरण चालू असल्याची ती खूण आहे. २०१३मध्ये जपानच्या दक्षिण क्यूशूसमोर समुद्रतळावर ठेवलेल्या तात्पुरत्या यंत्रांनी असंच उथळ कंपांचं स्थलांतर टिपलं होतं. हा आलेख पहिल्यांदा स्वतःच्या नोंदींवरून उमटताना पाहणं हा या कामातला फार मोठा आनंद आहे. विखुरलेल्या ठिपक्यांमधून एक तिरकी पट्टी हळूहळू उभी राहते आणि कित्येक किलोमीटर पाण्याखाली, त्याखालच्या खडकात, कुणाच्याही पायाला न जाणवता चाललेली गोष्ट समोर दिसू लागते.

सातवी पायरी: दुसरा साक्षीदार

यादी तयार झाली की तिला वेगळ्या प्रकारच्या नोंदींची साथ आहे का ते पाहा. मला सर्वांत भरवशाची वाटते ती अतिमंद वारंवारतेची चाचणी. किनाऱ्यावरच्या ब्रॉडबँड केंद्रांच्या (जिथली यंत्रं खूप संथ लहरीही टिपतात) नोंदी ०.०२ ते ०.०५ हर्ट्झमध्ये गाळा आणि एकाच जागेच्या सगळ्या कंपांच्या वेळा एकावर एक ठेवून बेरीज करा. एकेका कंपामागची ही लांब लहर गोंगाटात बुडालेली असते. पण ४०० कंपांची सरासरी घेतली तर गोंगाट २० पटीने दबतो आणि खरी लहर असेल तर वर येते. दूरच्या मोठ्या भूकंपांच्या पृष्ठलहरी याच पट्ट्यात येतात, म्हणून त्या वेळा आधी काढून टाका. जहाजं आणि टी-लहरी अशी बेरीज कितीही केली तरी काही वर येत नाही.

समुद्रतळावरचे दाबमापक असतील तर तळ एक सेंटीमीटर उचलला गेल्यावर दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने कमी होतो. पण भरती-ओहोटी, समुद्रातले भोवरे आणि यंत्राचं स्वतःचं सरकणं वजा केल्यावर उरेल त्यावरच बोलायचं. उथळ मंद घसरण किनाऱ्यावरच्या जीपीएसला अनेकदा जाणवतही नाही, त्यामुळे जीपीएस गप्प आहे म्हणून यादी रद्द करू नका. तोहोकूसमोर आणखी एक उत्तम साक्षीदार आहे: एकाच जागी, एकाच आकाराचे, पुन्हापुन्हा होणारे छोटे भूकंप. त्यांच्याभोवतीचा सांधा सरकतो तेव्हा ते दाट होतात. कंपांचे गट आणि हे भूकंप एकाच आठवड्यात वाढले असतील तर तुमची बाजू भक्कम झाली.

आठवी पायरी: जिथे काही सापडलं नाही तिथे

नकाशावरचे ठिपके सगळे पाहतात. मोठ्या भूकंपानंतर तितकीच महत्त्वाची असते रिकामी जागा, आणि तिचा अर्थ लावण्यापूर्वी एक काम करावंच लागतं. तिथे कंप झाले असते तर आपल्या जाळ्याने ते पकडले असते का?

हे तपासायला स्वतःच्या यादीतले वीस-तीस खात्रीचे कंप घ्या. त्यांचे एन्व्हलप नकाशावरच्या एकेका कल्पित जागेहून निघाले असते तर प्रत्येक केंद्रावर किती उशिरा आणि किती क्षीण होऊन पोचले असते ते मोजा. तेवढे ते सरकवून आणि कमी करून खऱ्या, गोंगाटासकटच्या नोंदींच्या एन्व्हलपमध्ये मिसळा, जणू पुरून ठेवा. वादळाचे दिवस आणि आफ्टरशॉकचे पहिले आठवडेही त्यात येऊ द्या. मग अख्खी प्रक्रिया गाळणीसकट पुन्हा चालवा आणि पुरलेल्यांपैकी किती सापडले ते मोजा. गाळणीने खऱ्यांपैकी किती फेकले हेही इथेच कळतं. माझ्या अनुभवात बहुतेक सगळ्यांची गाळणी वाटते त्यापेक्षा कडक निघते, आणि मग पाचव्या पायरीवर परत जावं लागतं.

आता नकाशाचे दोन थर करा. एकावर सापडलेले कंप, दुसऱ्यावर पुरलेल्यांपैकी सापडलेल्यांचं प्रमाण. ते प्रमाण कमी आहे तो भाग तिरक्या रेघांनी भरून टाका, त्याबद्दल तुम्हाला काहीही म्हणता येणार नाही. प्रमाण चांगलं आहे आणि तरीही ठिपका नाही, ती खरी शांत जागा. जपान खंदकावर हेच चित्र उभं राहिलं: इवाते प्रांताच्या उत्तरेकडे कंप, दक्षिणेला फुकुशिमा-इबाराकीसमोर कंप, आणि मध्ये मियागीसमोर, जिथे २०११मध्ये सांधा सुमारे ५० मीटरपर्यंत सुटला, तिथे एस-नेटची केंद्रं असूनही जवळजवळ काहीच नाही.